ख्रिस्ती ईशज्ञान, इतर धर्म आणि आपण

आपल्या अभ्यासवर्गांतून महाविद्यालयीन विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. येशूवर विश्वास ठेवल्याशिवाय माणसाचे तारण नाही, असे ख्रिस्ती लोक मानतात. मग येशूच्या पाचशे वर्षे आधी होऊन गेलेल्या तथागतांचे काय? सम्राट अशोकाचे काय? आणि आज पंचशील ग्रहण करून जगणाऱ्या आपल्यासारख्यांचे काय? प्रश्न विचारताना मुलांच्या आवाजात थोडा राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु हाच प्रश्न स्वतः ख्रिस्ती पंडितांनाही सतराशे-अठराशे वर्षे छळत आला आहे, आणि त्यांनी दिलेली उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या उत्तरांचा परिचय करून देणे आणि एक बौद्ध म्हणून ती कशी वाचावीत याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा अभ्यास आपल्याला परका नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यापासून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेईपर्यंत एकवीस वर्षे परमपूज्य बाबासाहेबांनी जगातले धर्म तपासले. त्यांत ख्रिस्ती धर्मही होता. त्यांनी तो स्वीकारला नाही, पण न वाचता नाकारला असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ज्याला थिऑलॉजी म्हणतात त्याला मराठी ख्रिस्ती बांधव ईशज्ञान म्हणतात. ईश्वर, त्याने निर्माण केलेली सृष्टी, मनुष्याचे पाप आणि येशू ख्रिस्ताच्या द्वारे त्या पापातून होणारे तारण, यांची पद्धतशीर मांडणी म्हणजे ईशज्ञान. आपल्याकडे याला समांतर असे शास्त्र नाही, कारण मुळात ईशच नाही. अभिधम्म आहे, पण तो चित्ताचा विचार करतो, निर्मात्याचा नव्हे. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढचे सगळेच उलटे समजते.

आता अडचण कोठे आहे ते पाहू. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की, पित्याकडे नेणारा मार्ग आपणच असून आपल्याखेरीज कोणी तेथे पोहोचत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र सांगतो की, तारण देणारे दुसरे नाव आकाशाखाली नाही. आणि त्याच पवित्र शास्त्रात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे असेही म्हटले आहे. तारण सर्वांचे व्हावे, परंतु नाव एकच. ज्यांच्या कानावर ते नाव कधी पडलेच नाही, त्यांचे काय करायचे? देव दयाळू असेल तर त्यांना शिक्षा कशी देईल, आणि शिक्षा देणार नसेल तर त्या नावाची आवश्यकता काय उरली? इतर धर्मांविषयीचे सारे ख्रिस्ती ईशज्ञान या चिमट्यात सापडले आहे.

सर्वांत प्रसिद्ध जुने उत्तर कठोर आहे. चर्चच्या बाहेर तारण नाही, असे तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने म्हटले. त्याच्या डोळ्यांसमोर बौद्ध किंवा हिंदू नव्हते. चर्चमधून फुटून निघालेले ख्रिस्तीच होते. पण सूत्र एकदा तयार झाले की ते कोठेही लावता येते. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने ते ज्यू आणि मूर्तिपूजक यांना सरसकट लावले आणि चर्चबाहेरच्या सर्वांना अनंत अग्नीत धाडले.

तरी याच परंपरेत अगदी सुरुवातीपासून एक मऊ सूरही होता. दुसऱ्या शतकातील जस्टिन हा ग्रीक तत्त्वज्ञान शिकून ख्रिस्ती झालेला मनुष्य. त्याचे म्हणणे असे की, देवाच्या शब्दाचे बीज सर्व मानवजातीत पेरलेले आहे, आणि जे विवेकाने जगले ते, सॉक्रेटिससारखे येशूच्या आधीचे असले तरी, ख्रिस्तीच होत. हा विचार विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. सतराशे-अठराशे वर्षांनी तो नव्या कपड्यांत परत येणार आहे. त्यानंतर थोड्याच काळाने, इ. स. २०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने आपल्या ग्रंथात भारतातल्या काही लोकांचा उल्लेख केला आहे. ते बुट्टा नावाच्या पुरुषाचे उपदेश पाळतात आणि त्याला देवासारखा मान देतात, असे तो लिहितो. ख्रिस्ती लेखनात बुद्धांचे नाव येण्याची ही अगदी आरंभीची नोंद होय.

येथे एक गमतीची पण खरी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मध्ययुगात सगळ्या युरोपात जोसाफात नावाच्या एका संताची कथा अतिशय लोकप्रिय होती. भारतातला एक राजपुत्र; त्याच्या जन्मवेळी तो संन्यासी होईल असे भाकीत होते; राजा त्याला महालात कोंडतो; तो बाहेर पडतो तेव्हा त्याला रोगी, वृद्ध आणि मृत्यू यांचे ज्ञान होते; पुढे तो राज्य सोडतो. आपल्याला ही कथा कोणाची आहे हे वेगळे सांगायला नको! ती मध्य आशियातून अरबीत, अरबीतून जॉर्जियन भाषेत, तेथून ग्रीक आणि लॅटिनमध्ये गेली. बोधिसत्त्व या शब्दाचे बुदासफ झाले, अरबी लिपीत ब आणि य यांच्यात केवळ नुक्त्यांचा फरक असल्याने बुदासफचे युदासफ झाले आणि शेवटी जोसाफात. वाटेत कथेला ख्रिस्ती उपदेशाची जोड मिळाली. सोळाव्या शतकात रोमच्या संतांच्या नोंदवहीत २७ नोव्हेंबर या दिवशी त्याचे नावही दाखल झाले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय अभ्यासकांनी हा संत म्हणजे मुळात सिद्धार्थ गौतम होय असे दाखवून दिले. म्हणजे ज्या काळात चर्चबाहेर तारण नाही असे सांगितले जात होते, त्याच काळात चर्चमध्ये बोधिसत्त्वाचा सण पाळला जात होता. कोणी ठरवून केले नव्हते, एवढेच.

पुढे युरोपीय सत्तेबरोबर मिशनरी आशियात आले आणि बौद्ध व ख्रिस्ती समोरासमोर उभे राहिले. सर्वांत गाजलेला सामना श्रीलंकेतील पानदुरा येथे ऑगस्ट १८७३ मध्ये झाला. एका बाजूस भन्ते मिगेट्टुवत्ते गुणानंद, दुसऱ्या बाजूस पाद्री डेव्हिड डी सिल्व्हा. हजारोंच्या जमावापुढे आत्मा, सृष्टिकर्ता, निब्बाण यांवर वाद झाला आणि लोकांनी गुणानंदांचा जयजयकार केला. या वादाचा इंग्रजी वृत्तान्त अमेरिकेपर्यंत गेला. तो वाचून प्रभावित झालेले कर्नल ऑल्कॉट १८८० मध्ये श्रीलंकेस आले, त्यांच्या सहवासात अनागारिक धर्मपाल घडले, धर्मपालांनी १८९१ मध्ये महाबोधी सोसायटी स्थापन केली, आणि तिच्याच मासिकात १९५० साली बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य हा इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखाकडे आपण पुढे येऊ.

विसाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथात जो सर्वांत मोठा ईशज्ञानी होऊन गेला तो स्वित्झर्लंडचा कार्ल बार्थ (१८८६–१९६८). त्याची भूमिका कडक होती. धर्म म्हणजे माणसाने देवाकडे चढण्यासाठी लावलेली शिडी, आणि म्हणून धर्म हाच मुळी अविश्वास होय, असे तो म्हणे. आणि यातून त्याने ख्रिस्ती धर्मालाही सोडले नाही. परंतु आपल्याला रस वाटेल तो त्याच्या महाग्रंथातला जपानी बौद्ध पंथाविषयीचा भाग. होनेन आणि शिनरान या आचार्यांनी शिकवले की मनुष्य स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, अमिताभ बुद्धाच्या करुणेवर विसंबून तरतो. बार्थने पाहिले की हे तर मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीशी हुबेहूब जुळते. कृपा आहे, श्रद्धा आहे, स्वतःच्या कर्माचा अहंकार नाही. मग फरक कशात? बार्थने प्रामाणिकपणे उत्तर दिले की, शिकवणीच्या रचनेत शोधाल तर फरक निर्णायक ठरणार नाही. निर्णय करणारे एकच, येशू ख्रिस्त हे नाव.

मला बार्थचे हे उत्तर पटत नाही, पण त्याचा मोकळेपणा आवडतो. त्याने गुळगुळीत बोलून वेळ मारून नेली नाही. शिकवण सारखी, आचरण सारखे, तरी नाव वेगळे म्हणून सत्य नाही. आपल्या आणि त्यांच्या विचारातली भेग नेमकी कोठे आहे ते त्याने बोट ठेवून दाखवले.

कॅथलिक पंथात मात्र वारे दुसऱ्या दिशेने वाहू लागले. दुसऱ्या महायुद्धात लाखो ज्यू मारले गेले. ख्रिस्ती युरोपच्या मनात शेकडो वर्षे पोसलेला ज्यूद्वेष त्यामागे होता, याची टोचणी अनेकांना लागली. त्यातून दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत (१९६२–६५) ज्यूंविषयी निवेदन काढायचे ठरले आणि चर्चा होता होता ते सर्व धर्मांविषयीचे निवेदन झाले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झालेले ते निवेदन नोस्त्रा एताते या नावाने ओळखले जाते. त्यात बौद्ध धर्माचा नावाने उल्लेख आहे, आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही अशी भूमिका आहे. त्याआधीच्या वर्षी याच सभेने असेही म्हटले होते की, स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही आणि जे सदसद्विवेकाने जगतात त्यांचेही तारण होऊ शकते. १४४२ पासून १९६५ पर्यंतचे हे अंतर लहान नाही.

या बदलामागे ज्यांचा विचार होता त्यांत जर्मन जेजुइट कार्ल राहनर (१९०४–१९८४) अग्रभागी होते. त्यांचा सिद्धान्त असा. देवाची कृपा सर्वांपर्यंत पोहोचतेच. जो बौद्ध किंवा हिंदू किंवा नास्तिकसुद्धा आपल्या विवेकाला स्मरून, निःस्वार्थपणे जगतो, त्याने ती कृपा नकळत स्वीकारलेली असते. ही कृपा ख्रिस्ताचीच. म्हणून असा मनुष्य निनावी ख्रिस्ती होय. जस्टिनचे बीज येथे पुन्हा उगवलेले दिसेल.

यात राहनर यांचा हेतू उदार होता याबद्दल शंका नको. त्यांना कोणाला बाटवायचे नव्हते. उलट नरकाचे दार बंद करायचे होते. तरीही बौद्धाच्या मनाला हे खटकते. मी बँकेत काम करतो, तेथला दाखला सुचतो. एखाद्या गृहस्थाच्या नावे, त्याला न विचारता, त्याच्या नमुना सहीशिवाय कोणी खाते उघडले आणि त्यात दरमहा पैसे भरले, तर रक्कम कितीही मोठी असो, ते खाते नियमात बसत नाही. खातेदार होण्यासाठी मनुष्याची संमती लागते. धर्माच्या बाबतीत ती जास्तच लागते.

ज्यांनी हे स्वतः भोगले आहे त्यांना हे चटकन समजेल. तथागतांना विष्णूचा नववा अवतार ठरवून धम्माला पोटात घेण्याचा प्रकार आपल्या देशात शतकानुशतके चालला. वरवर पाहता तो मान होता. देवाच्या मालिकेत जागा दिली होती! परिणाम काय झाला तर बुद्धांची स्वतंत्र शिकवण, जातिभेदाला आणि यज्ञाला त्यांनी केलेला विरोध, हे सारे झाकले गेले. म्हणूनच नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार होय हे मी मानणार नाही, अशी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी आवर्जून घातली. दुसऱ्याच्या घरात मानाची खोली मिळणे आणि स्वतःचे घर असणे यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. राहनर यांचा सिद्धान्त आणि अवतारकल्पना यांच्यामागचे हेतू एक नाहीत. एका बाजूला सत्तेचा इतिहास होता, दुसऱ्या बाजूला एका सज्जन विद्वानाची तळमळ. परंतु हिशेब लिहिण्याची पद्धत तीच: तुझे जे चांगले ते आमच्या खात्यावर.

हा आक्षेप राहनर यांच्यासमोरही आला होता. जपानमधील क्योतो परंपरेचे नामवंत बौद्ध तत्त्वज्ञ केइजी निशितानी यांनी त्यांना एकदा विचारले, मी तुम्हाला निनावी झेन बौद्ध मानले तर तुमचे काय म्हणणे? राहनर उत्तरले की, तुमच्या भूमिकेतून तुम्ही तसे खुशाल मानावे, तो मी माझा सन्मान समजेन. हा प्रसंग राहनर यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. उत्तर सुसंस्कृत आहे. तरी निशितानींचा प्रश्न तसाच राहतो, कारण असे दोघेही एकमेकांना आपापल्या वहीत मांडू लागले तर ऐकायचे कोणी कोणाचे? खुद्द कॅथलिकांमधून हान्स क्युंग यांनीही या संज्ञेवर टीका केली. बाहेरच्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ख्रिस्ती म्हणणे योग्य नाही, असे त्यांचे मत होते.

यावर उपाय म्हणून इंग्लंडचे जॉन हिक (१९२२–२०१२) यांनी वेगळा मार्ग काढला. ते बर्मिंगहॅममध्ये अध्यापन करीत. त्या शहरात शीख, मुस्लिम, हिंदू, ज्यू शेजारी राहत आणि त्यांच्या प्रार्थनास्थळी हिक जात. तेथे त्यांना जाणवले की चांगली माणसे सर्वत्र सारखीच आहेत. १९७३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी कोपर्निकसचा दृष्टान्त वापरला: पृथ्वीभोवती सूर्य फिरत नाही, तसे ख्रिस्ती धर्माभोवती इतर धर्म फिरत नाहीत, सर्व धर्म देवाभोवती फिरतात. लगेच अडचण आली ती बौद्धांची, कारण बौद्ध देवच मानत नाहीत. मग हिक यांनी देव हा शब्द बाजूला ठेवून परमसत्य असा मोघम शब्द घेतला आणि १९८९ च्या ग्रंथात निब्बाण, शून्यता, अल्ला, ब्रह्म ही सर्व त्याच एका अज्ञेय परमसत्याची रूपे होत असे मांडले.

सगळे धर्म सारखेच, असे आपल्याकडेही सभासमारंभात सहज बोलले जाते, म्हणून हिक अनेकांना आवडतात. माझे मत वेगळे आहे. निब्बाण ही कोणा अदृश्य सत्तेची छाया नव्हे. लोभ, द्वेष, मोह विझणे म्हणजे निब्बाण. जग शाश्वत की अशाश्वत असल्या प्रश्नांवर तथागतांनी मौन पाळले आणि मालुंक्यपुत्ताला बाणाचा दृष्टान्त देऊन सांगितले की आधी जखम पाहा. त्या मौनात मागल्या दाराने परमसत्य आणून बसवणे म्हणजे पुन्हा न विचारता उघडलेले खातेच. निदान राहनर आपण ख्रिस्ती म्हणून बोलतो हे लपवीत नव्हते.

आता १९५० च्या लेखाकडे वळू. त्यात बाबासाहेब बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण या चौघांची तुलना करतात. येशूने आपण देवाचा पुत्र आहोत असे सांगितले आणि देवाच्या राज्यात जाण्यासाठी ते मान्य करणे आवश्यक ठरवले. बुद्धांनी स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही. ते मनुष्याचे पुत्र म्हणून राहिले. आपण मोक्षदाता नसून मार्गदाता आहोत, असे त्यांनी सांगितले. एवढ्या एका भेदाने ईशज्ञानाचा सगळा चिमटा सैल होतो. तारणारा कोणी असेल तर त्याचे नाव माहीत असणे महत्त्वाचे ठरते. दाखवणारा असेल तर वाट महत्त्वाची, दाखवणाऱ्याचे नाव दुय्यम. तेव्हा अभ्यासवर्गातील मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला, बुद्धांचे तारण झाले का, याला आपले पहिले उत्तर असे की हा प्रश्न आमच्या भाषेत विचारताच येत नाही.

हे ज्या ख्रिस्ती विद्वानांना खऱ्या अर्थाने उमगले ते बहुतेक बौद्धांच्या शेजारी राहिलेले होते. श्रीलंकेचे मेथॉडिस्ट पाद्री लिन डी सिल्व्हा (१९१९–१९८२) यांनी अनात्म सिद्धान्ताचा आयुष्यभर अभ्यास केला. अमर आत्म्याची कल्पना ग्रीकांकडून आली, मूळ बायबलमध्ये ती तशी नाही, आणि म्हणून ख्रिस्ती माणसाने अनात्म शिकावा, असे म्हणण्यापर्यंत ते गेले. पानदुऱ्याच्या वादात ज्या प्रश्नावर दोन्ही पक्ष भांडले, त्याच प्रश्नावर शंभर वर्षांनी एक पाद्री बौद्धांकडून शिकत होता. दुसरे जेजुइट अ‍ॅलॉयशियस पिएरिस. त्यांनी बौद्ध तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि १९७४ मध्ये केलानियाजवळ तुलना नावाचे केंद्र काढले. त्यांचे म्हणणे असे की आशियाची दोन लक्षणे आहेत, अनेक धर्म आणि अपार दारिद्र्य. यांपैकी एकाचाच विचार करणारे ईशज्ञान अपुरे. युरोपातले पंडित धर्मांची चर्चा करताना गरिबी विसरतात, आणि दक्षिण अमेरिकेतले गरिबीची चर्चा करताना इतर धर्म विसरतात, असा त्यांचा रोख होता. आपल्या समाजाच्या कानांना ही भाषा ओळखीची वाटेल.

श्रीलंकेतच जानेवारी १९९५ चा प्रसंग घडला. पोप जॉन पॉल दुसरे यांचे जे पुस्तक १९९४ मध्ये आले त्यात त्यांनी बौद्धांची मुक्ती जवळजवळ केवळ नकारात्मक असते, जग वाईट मानून त्यापासून सुटणे एवढाच तिचा अर्थ, अशा आशयाचे लिहिले. त्यानंतर ते कोलंबोस आले तेव्हा प्रमुख भिक्खूंनी त्यांच्याबरोबरच्या सभेवर बहिष्कार टाकला. पोप विद्वान होते, तरी बुद्ध आणि त्यांचा धम्म वाचणारा कोणताही शाळकरी मुलगा त्यांना सांगू शकला असता की धम्म जगापासून पळण्यासाठी नसून जगाची पुनर्रचना करण्यासाठी आहे. बहिष्कार मात्र मला तितकासा रुचत नाही. गुणानंद असते तर ते सभेला गेले असते आणि बोलले असते.

त्याच दौऱ्यात पोपनी गोव्याच्या जोसेफ वाझ यांना धन्य घोषित केले. बाणावलीस १६५१ मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ साली श्रीलंकेस गेले. किनाऱ्यावर तेव्हा डचांचे राज्य होते. डच प्रॉटेस्टंट असल्याने कॅथलिकांना त्यांनी बंदी केली होती. वाझ यांना आसरा मिळाला तो कॅंडीच्या बौद्ध राजाकडे, दुसऱ्या विमलधर्मसूर्याकडे. सुरुवातीस त्यांना हेर समजून कैदेत टाकले गेले हे खरे, पण नंतर त्याच राज्यात त्यांनी मोकळेपणी काम केले आणि १७११ मध्ये कॅंडीतच देह ठेवला. ख्रिस्ती सत्ता छळत असता एका ख्रिस्ती माणसाला बौद्ध राजाने सांभाळले, आणि त्यासाठी त्याला निनावी बौद्ध ठरवण्याची राजाला गरज पडली नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोस वाझ यांना संतपद दिले, आणि त्याच दिवशी ते महाबोधी सोसायटीच्या विहारात जाऊन आले. वीस वर्षांत एवढा फरक पडला.

फरक सरळ रेषेत पडला असे मात्र नाही. २००० साली व्हॅटिकनने दोमिनुस येसुस हे निवेदन काढून येशूचे एकमेवत्व पुन्हा ठासून सांगितले. भारतात अनेक वर्षे शिकवलेले बेल्जियन जेजुइट जाक द्युपुई यांच्या १९९७ च्या ग्रंथाची चौकशी झाली. २०२४ मध्ये सिंगापूर येथे पोप फ्रान्सिस सर्व धर्म देवाकडे जाणाऱ्या वाटा आहेत अशा अर्थाचे बोलले, तर कॅथलिकांतूनच टीका झाली. घरातला वाद अजून मिटलेला नाही.

भारतातील ईशज्ञानाविषयी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. येथील विद्वान पाद्र्यांनी इतर धर्मांशी संवाद म्हणजे वेदान्ताशी संवाद असे बराच काळ धरले. चर्चमध्ये आलेले बहुसंख्य लोक मात्र अस्पृश्य मानलेल्या जातींतले होते. चर्चमधली बाके आणि काही ठिकाणी दफनभूमीसुद्धा जातवार राहिली. धर्मांतरित अस्पृश्यांची ही स्थिती बाबासाहेबांनी आपल्या निबंधांत स्पष्ट लिहिली आहे. ते निबंध त्यांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात (१९८९) आहेत, विद्यार्थ्यांनी जरूर वाचावेत. १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी हा मुद्दा उघडपणे मांडला आणि त्यातून दलित ईशज्ञान उभे राहिले. कायद्याच्या बाबतीत त्यांची स्थिती आपल्याहून बिकट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये आणि आपल्याला १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही त्याबाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून जात सुटत नाही, हे चौतीस वर्षे आपणच सरकारला सांगत होतो. त्यांच्या मागणीच्या वेळी आपल्यातले काही जण गप्प बसतात, याचे मला आश्चर्य वाटते.

आता शेवटी स्वतःकडे पाहू. आपल्या परंपरेतही एकमेवत्वाचा दावा नाही असे समजू नये. महापरिनिब्बाण सुत्तात शेवटचा शिष्य सुभद्द विचारतो, इतर आचार्यांना ज्ञान झाले आहे का? तथागत त्या वादात शिरत नाहीत. ते सांगतात की ज्या धर्मविनयात आर्य अष्टांगिक मार्ग आहे त्यातच खरे श्रमण असतात, आणि इतर मते श्रमणांवाचून रिकामी आहेत. दावा कडकच आहे. परंतु कसोटी नावाची नाही, मार्गाची आहे. जेथे सम्यक दृष्टी, सम्यक वाचा, सम्यक आजीविका दिसेल तेथे ती ओळखायची, आणि तरीही त्या माणसाला बौद्ध म्हणायचे नाही. तो स्वतःला जे म्हणवतो तेच म्हणायचे.

मज्झिम निकायातला उपाली याची गोष्ट या संदर्भात वाचण्यासारखी आहे. उपाली हा नालंदेचा धनाढ्य गृहस्थ, निगंठांचा म्हणजे जैन साधूंचा उपासक. वादात तथागतांना हरवायला आला आणि स्वतःच त्यांचा उपासक होऊ लागला. तथागत म्हणाले, घाई करू नकोस, तुझ्यासारख्या मान्यवराने नीट विचार करून पाऊल टाकावे. उपाली आणखीच प्रसन्न झाला; इतरांना माझ्यासारखा शिष्य मिळाला असता तर त्यांनी गावभर पताका फिरवली असती, असे तो म्हणाला. मग तथागतांनी त्याला सांगितले की तुझे घर आजवर निगंठांसाठी पाणवठ्यासारखे होते, तेव्हा ते भिक्षेला आले तर त्यांना देत राहावे. उपाली घरी गेला आणि द्वारपालाला त्याने हुकूम दिला: आजपासून निगंठांना हे दार बंद, कोणी आला तर त्याला बाहेरच थांबव, भिक्षा हवी असेल तर तेथेच आणून दिली जाईल. दान चालू राहिले, पण उंबरठ्याबाहेर.